न वाजलेली वाटी

ऑगस्ट अर्धा सरला की गुंगालिन या आमच्या उपनगरात वॉटलची झाडं फुलतात आणि मला शिंका सुरू होतात. यातलं आधी काय घडतं ते कॅनबरात सोळा वर्षं काढूनही मला ठरवता आलेलं नाही. सकाळी गवतावरचं दव गोठून पांढरं झालेलं असतं, गाडीची काच खरवडावी लागते, माणसं तोंडातून वाफा सोडत ट्रामची वाट बघत असतात. आणि रुळांच्या कडेची झाडं मात्र कोणीतरी हळदीचा डबा उपडा करून पळून गेल्यासारखी पिवळीधमक! माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे आप्पांनी, पहिल्यांदा ते झाड पाहिलं तेव्हा ते रस्ता ओलांडून त्याच्याजवळ गेले, फुलाचा गोंडा चिमटीत धरला, वास घेतला आणि निकाल दिला, "ही बाभूळ आहे. काटे काढून, आंघोळ घालून परदेशी पाठवलेली."

गेली काही वर्षं शिंकांच्या जोडीला मला एक आवाजही आठवतो. स्टीलच्या वाटीवर चमचा तीनदा आपटल्याचा. टण, टण, टण. खरं तर तो आठवायला त्या दिवसांत मला ऐकूच आलेला नाही. यायला हवा होता, आणि मी येऊ दिला नाही, असा तो आवाज आहे.

यंदा वॉटल फुलली त्याच आठवड्यात माझी मुलगी इरा युनिव्हर्सिटीतून सुट्टीला घरी आली. आली, फ्रिज उघडून त्याच्यापुढे ध्यानस्थ उभी राहिली आणि आतल्या दह्याकडे बघत म्हणाली, "बाबा, सिडनीत भाड्याच्या रूम्स टेन मिनिट्समध्ये जातात. एखाद्या वेबपेजवर काही चेंज झालं की लगेच कळेल, डू यू हॅव अ स्क्रिप्ट फॉर दॅट?"

वाचकहो, मुलीने बापाकडे गाडीच्या किल्लीखेरीज काहीतरी मागावं, हा क्षण आयुष्यात किती वेळा येतो? मी छाती पुढे काढली. "कपाटातून जुना लॅपटॉप काढ," मी म्हटलं, "पोतडीत आहे."

पोतडी म्हणजे माझी आयुष्यभराची कमाई. वेबसाइट बांधणारी आणि ती सर्व्हरवर चढवणारी आमची जी जमात आहे, तिच्यातल्या प्रत्येकाकडे अशी एक पोतडी असते. कोणी ती कबूल करतो, कोणी नाही. यंत्राला द्यायच्या हुकमांचे पाच-पंचवीस ओळींचे बारके बारके तुकडे असतात तिच्यात. सर्व्हरची जागा कोण खातंय ते हुडकणारा. दोन फोल्डरांमधला फरक दाखवणारा. साइटचं सुरक्षेचं प्रमाणपत्र संपायच्या आधी तीन आठवडे बोंब मारणारा. शेकडो फोटोंची नावं एका झटक्यात बदलणारा. साइटची तारीख घातलेली प्रत काढून बाजूला ठेवणारा. एकेक तुकडा कधीतरी घाम फुटलेल्या दुपारी जन्मलेला. पुन्हा तसा घाम फुटू नये म्हणून जपलेला. मी प्रत्येकाच्या डोक्यावर मराठीत टीप लिहून ठेवतो, कारण ऑफिसात ती इतर कोणाला वाचता येत नाही. तिथे मी मनमोकळं लिहितो. "हे चालवण्याआधी पाणी पी." "हे का चालतं मला विचारू नये." "ग्लेंडा शेजारी उभी असताना चालवू नये."

ग्लेंडा आमची टीम लीडर. तिचा एकच नियम होता: खऱ्या सर्व्हरवर एकट्याने काही चढवायचं नाही. शेजारी दुसरं माणूस बसलेलं पाहिजे, आणि त्याने बघितलं पाहिजे. मग महामारी आली. आम्हाला आपापल्या घरी पाठवून दिलं, आणि शेजारी बसायला कोण, तर टीममधली डोना, तीही व्हिडिओवर, आणि डोनाचं इंटरनेट तिच्या घरामागच्या मेंढ्यांच्या मर्जीवर. इकडे आमच्या सरकारी साइटवरचे नियम दिवसाआड बदलत होते. कॅफेत चार चौरस मीटरला एक माणूस. नाही, दोनला एक. नाचायला परवानगी नाही. लग्नात नाचायला आहे, पण फक्त नवरानवरीला. हे सगळं लोकांना वाचता यावं म्हणून कोणीतरी रोज सकाळी साइटवर चढवायचं असतं. तो कोणीतरी मी.

आणि घरात आप्पा होते.

आप्पा फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी म्हणून आले होते, आणि विमानं बंद पडली. माकडटोपी घालून हीटरशेजारच्या खुर्चीत बसायचे आणि मी कामाला बसलो की माझ्या खांद्यावरून स्क्रीनकडे बघायचे. सांगलीच्या एका छापखान्यात चौतीस वर्षं मुद्रितशोधक होते ते. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, तरी सवय सुटली नव्हती. दुधाच्या पिशवीवरचा मजकूरसुद्धा ते ओठ हलवत वाचायचे आणि शेवटी "ठीक आहे" म्हणून पिशवी खाली ठेवायचे.

तिसऱ्या का चौथ्या दिवशी त्यांना राहवलं नाही. "जावईबापू, हे तुम्ही जे टाइप करता ते तपासतं कोण?"

"मीच."

"लिहिणारा तुम्ही आणि तपासणाराही तुम्हीच?" आप्पांनी टोपी काढली. त्यांच्या दृष्टीने ही टोपी काढण्याइतकी गंभीर गोष्ट होती. "लिहिणाऱ्याला आपली चूक दिसत नाही हो. त्याला लिहायचं होतं तेच दिसतं. आमच्याकडे एकजण मोठ्याने वाचायचा आणि दुसरा प्रूफावर नजर ठेवायचा. सरका."

मी सरकलो. ग्लेंडाचा नियम आणि सांगलीच्या छापखान्याचा नियम एकच निघाला! डोना आपली व्हिडिओवर असायचीच, पण त्याआधी सकाळी आठला आमच्या स्वयंपाकघरात रंगीत तालीम होऊ लागली. आप्पा स्क्रीनवरचं मोठ्याने वाचणार, मी हातातल्या कागदाशी ताडून बघणार. इंग्रजी अक्षरं आप्पांना येत होती, अर्थ कळत नव्हता; आणि ते म्हणायचे, न कळणंच बरं, कळलं की माणूस गाळून वाचतो. छापखान्यात जसं विरामचिन्हांसकट वाचायचे तसंच इथे. "सी, डी, जागा, तिरकी रेघ, व्ही, ए, आर, तिरकी रेघ..." कीर्तनकाराचा आवाज होता त्यांना. आमच्या भिंती पातळ, पलीकडे राहणारी कोरियन बाई एकदा मुक्ताला, माझ्या बायकोला, विचारून गेली की तुमच्याकडे रोज सकाळी कसली प्रार्थना असते.

वाचून झालं की प्रत्येक तुकड्याखाली ते मला "वाचले" असं लिहायला लावायचे. पुढे त्यांनी मराठी कीबोर्डच शिकून घेतला आणि स्वतःच लिहू लागले. एका बोटाने, पाऊण मिनिटाला एक शब्द. "वाचले. आप्पा." आजही पोतडी उघडली की खालपर्यंत या सह्या दिसतात.

एके सकाळी आम्ही जुन्या प्रती पुसायचा तुकडा वाचत होतो. मी नुकताच कुठूनतरी उचलून आणलेला. आप्पा खणखणीत आवाजात, "आर, एम, जागा, डॅश, आर, एफ, जागा, तिरकी रेघ, जागा..."

"थांबा! तिरक्या रेघेनंतर जागा?"

"आहे."

"नक्की?"

"आहे म्हणजे आहे. मी काय घरून आणली?"

मी कीबोर्ड हातभर लांब सरकवला. त्या एका रिकाम्या जागेचा अर्थ असा होता की जुन्या प्रती नव्हे, अख्खा सर्व्हर पुसून टाक. आप्पांना हे सांगितल्यावर ते एवढंच म्हणाले, "हं. आमच्याकडे एका जागेमुळे एका आमदारांचं आडनाव तुटलं होतं. त्यांनीही खूप आरडाओरडा केला." आणि चहा मागितला.

आता मी त्यांची फक्त स्तुती केली तर त्यांना आवडणार नाही, म्हणून दुसरी गोष्टही सांगतो. एकदा माझ्या मराठी टिपांमधलं शुद्धलेखन त्यांना सहन होईना. "पोतडी द्या मला एक दिवस. काहीबाही लिहिलंय तुम्ही. 'सर्व्हर'चं तीन तऱ्हेनं श्राद्ध घातलंय." मी दिली. त्यांनी ती इराच्या निबंध लिहायच्या प्रोग्रॅममध्ये उघडली, दिवसभर तपासली, आणि दुसऱ्या सकाळी मी त्यातला एक तुकडा चालवायला गेलो तर चाचणीचा सर्व्हर म्हणतो, अशी फाइलच नाही. दुसरा चालवला. अशी फाइलच नाही. माझा घामाचा कोटा संपत आला तेव्हा नीट बघितलं. आप्पांनी पोतडीतली एकूण एक अवतरणचिन्हं बदलली होती. आमच्या धंद्यात ती सरळ लागतात, दोन्ही बाजूंना सारखी, खिळे ठोकल्यासारखी. आप्पांनी सुरेख वळणाची केली होती, डावीकडे उघडणारी, उजवीकडे मिटणारी.

"अहो आप्पा, यंत्राला ही समजत नाहीत!"

"मग यंत्राला शिकवा. उघडणारं आणि मिटणारं चिन्ह एकच? उद्या म्हणाल दाराला आतली बाजू नि बाहेरची बाजू एकच."

चार तास लागले मला ते खिळे परत ठोकायला. आप्पा शेजारी बसून मदत करत होते. हरल्यासारखे मुळीच दिसत नव्हते. त्याच दुपारी त्यांनी मला त्यांची खुणांची भाषा शिकवली. काय खोडायचं, काय उलटं करायचं, कुठे ओळ तोडायची. एक खूण मला फार आवडली. तपासणाऱ्याने एखादा शब्द खोडला, आणि मग पुन्हा वाचताना वाटलं की नाही, हा राहायला हवा, तर खोडलेलं खोडत बसायचं नाही. त्या शब्दाखाली टिंबांची एक ओळ द्यायची आणि समासात लिहायचं, असू द्या.

त्याला उत्तर म्हणून मी त्यांना आमची एक खूण शिकवली. ओळीच्या सुरुवातीला दोन उभ्या, दोन आडव्या रेघांची ती जाळी टाकली की ओळ दिसते, पण यंत्र तिच्याकडे बघतही नाही.

"म्हणजे वर्गात बसलाय, पण हजेरीपटात नाव नाही," आप्पा म्हणाले. त्यांना ते फार पटलं.

जुलैपर्यंत हे सगळं मजेत चाललं होतं असं मला वाटतं. आप्पांना काय वाटत होतं ते उशिरा कळलं. ते रोज साडेतीनला फिरायला जायचे, मॅगपाय पक्ष्यांना मराठीत दम देत. परत आले की सांगलीला फोन. तिथे घरात त्यांची धाकटी बहीण एकटी होती. शकूआत्या. दोघं एकाच घरात लहानाची मोठी झालेली. शकूआत्यांनी लग्न केलं नाही, शाळेत शिकवलं. सासूबाई गेल्यावर तर घरात ही दोघंच. पंधरा दिवसांपेक्षा जास्त कधी वेगळी राहिली नव्हती. फोनवर बोलायची तरी काय? "जेवलीस?" "जेवले." "काय केलंस?" "तुला काय करायचंय?" आणि ठेवला.

एका संध्याकाळी आप्पा फोन ठेवून तसेच उभे राहिले. मी विचारलं, काय झालं? ते म्हणाले, "काही नाही. तिला काही झालं, तर दार कोण उघडणार हो?"

तेव्हा भारतात जाणारी विमानं अधूनमधून सुटायची. सिडनीहून, मेलबर्नहून. एका पानावर यादी लागायची, जागा उघडायच्या आणि तुम्ही चष्मा शोधेपर्यंत भरून जायच्या. मग मी आप्पांसाठी एक तुकडा लिहिला. त्याचं नाव राखण. शेतात मचाणावर बसून पाखरं हाकणाऱ्या माणसासारखा तो बसून राहणार. दर दहा मिनिटांनी त्या पानाकडे बघणार, मागच्या वेळच्या पानाशी ताडणार. काही बदललेलं दिसलं तर आधी एका वहीत वेळ टिपून ठेवणार आणि मग आवाज करणार. आवाज कसला? आप्पांनी स्वयंपाकघरातली वाटी उचलली, चमच्याने तीनदा वाजवली, आणि तीच आम्ही फोनवर टिपून घेतली. राखण जुन्या लॅपटॉपवर लावली आणि लॅपटॉप मिक्सरशेजारी ठेवला. आप्पांनी तुकडा मोठ्याने वाचला. "वाचले. आप्पा."

जुलैत एकदा वाटी खरंच वाजली, सकाळच्या पोह्यांना. काय धावपळ! मुक्ताच्या हातून झारा पडला, इरा क्लासचा कॅमेरा चालू ठेवून पळत आली. मी पान उघडेपर्यंत आप्पांच्या पायात बूट होते, अंगात कोट. पाहतो तर कोणीतरी पानावरची स्पेलिंगची एक चूक दुरुस्त केली होती. बाकी काही नाही. आप्पांनी बूट काढले. "त्यासाठी वाजली असेल तर योग्यच वाजली," असं म्हणून पुन्हा पोह्यांकडे वळले. पण मी त्यांची खोली बघितली होती. पलंगाखालून ओढलेली बॅग आधीच भरलेली होती. कधीपासून, कोण जाणे.

मग ऑगस्ट आला. वॉटल फुलली. आमच्या गावात तेव्हा आजारी माणूस औषधालाही नव्हता, आणि सांगलीत खाट मिळत नव्हती. एका दुपारी पावणेचारला माझ्या फोनवर शकूआत्यांचा फोन आला. माझ्या! आयुष्यात पहिल्यांदा.

"दादा फिरायला गेलाय ना?"

"हो."

"मला माहीत होतं, म्हणून आत्ता केला. जावईबापू, आमच्या गल्लीत तीन घरांना पत्रे ठोकलेत. काल समोरचे गेले, दवाखान्याच्या दारात, रिक्षात. दादाला येऊ देऊ नका."

"आत्या, ते तुमच्यासाठीच तर..."

"माझ्यासाठी येतोय म्हणूनच नको. मी दार लावून बसलेय, मला काही होत नाही. तो आला की दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन मंडईत जाणार. त्याला घरात थांबवणं मला साठ वर्षांत जमलेलं नाही. आणि हे बघा, मी सांगितलं हे कळू देऊ नका. कळलं तर तिकडून चालत निघेल."

मी मुक्ताला सांगितलं. तिने आधी खिडकी लावून घेतली. मग म्हणाली, "मला पुढचं काही सांगू नकोस. आप्पांच्या तोंडावर मला खोटं बोलता येत नाही. तुला येतं."

बायकोने केलेलं हे माझं एकमेव कौतुक त्या वर्षातलं.

त्याच संध्याकाळी, आप्पा बातम्या बघत असताना, मी राखण उघडली. चौदावी ओळ, वाटी वाजवणारी. तिच्यापुढे एक जाळी टाकली. एक बोट, एक चिन्ह. बाकी राखण तशीच चालू. पानाकडे बघेल, ताडेल, वहीत टिपेल. फक्त वाजणार नाही.

आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळचा खेळ सुरू झाला. आप्पा तोंड धुऊन यायचे, टॉवेल खांद्यावर टाकायचे आणि विचारायचे, "वाजली का?"

"नाही आप्पा."

"हं," म्हणायचे आणि चहा घ्यायचे.

मी गप्पा मारण्यात पटाईत माणूस आहे. नाटकात कामं केली आहेत, कॅनबराच्या मंडळात मला खलनायक देतात. पण "नाही आप्पा" हे दोन शब्द रोज सकाळी नव्याने म्हणायचे म्हणजे काय असतं ते मला कोणी शिकवलं नव्हतं. एका सकाळी फार सहज म्हटलं असं वाटायचं, दुसऱ्या दिवशी फार जड. कधी मी उगाच पुढे जोडायचो, "बघतो हं आज पुन्हा एकदा." कधी त्या पानाला शिव्या द्यायचो. आप्पाच माझी समजूत काढायचे. "असू दे हो. त्यांची तरी काय चूक. तुम्ही चिडू नका, चहा घ्या."

वहीत त्या काळात दोन नोंदी झाल्या. दोन्ही मी पाहिल्या. दोन्ही खऱ्या होत्या, जागा उघडल्या होत्या. पहिल्या दिवशी आम्ही अंगणात वॉटलखाली बसून संत्री सोलत होतो. आप्पा इराला छापखान्यातली अक्षरांच्या खिळ्यांची पेटी कशी असते ते हातवारे करून सांगत होते, आणि इरा "दॅट्स इन्सेन, आजोबा" म्हणत होती. मी ते बघत होतो आणि मनात म्हणत होतो, आत्ता, याच मिनिटाला, आत वाटी वाजायला हवी होती. दुसऱ्या नोंदीच्या दिवशी त्यांना थोडा ताप होता. साधाच निघाला. पण त्या दोन दिवसांत मी ती जाळी किती वेळा काढली आणि पुन्हा घातली ते माझं मला माहीत. मनातल्या मनात. प्रत्यक्षात फाइल उघडायचा धीर झाला नाही. एकदा उघडली असती तर मी ती काढलीच असती. आणि तिकडे शकूआत्यांना काही झालं असतं तर? हा प्रश्न मला रोज दाढी करताना आरशात दिसायचा. सल्ला आत्यांचा होता, पण बोट माझं होतं.

दिवाळीनंतर आत्यांचा पुन्हा फोन आला, त्याच वेळेला. "पत्रे काढले. खाटा रिकाम्या आहेत म्हणतात. आता पाठवा त्याला. आणि येताना मंडईत थांबू नको म्हणावं." सिडनीच्या वेंटवर्थव्हिल भागातल्या आमच्या ओळखीच्या एजंटने फोनवरच सीट मिळवून दिली, राखणीची गरजच पडली नाही. डिसेंबरात आम्ही सगळे गाडीने सिडनीला गेलो, वेंटवर्थव्हिलला शेवटची मिसळ खाल्ली. आप्पांनी मेनूकार्डातल्या चार चुका मालकाला दाखवल्या, आणि ते गेले. लॅपटॉप मी मिटला आणि कपाटात ठेवला. पुढचं वर्ष सगळ्यांचंच वाईट गेलं. ती दोघं त्यातून दार लावून, भांडत भांडत, धडधाकट बाहेर आली.

पण मी आप्पांना कधी सांगितलं नाही. दर ऑगस्टला ठरवायचो, यंदा सांगू. माणूस ऐंशीच्या पुढे गेलाय, आपण त्याच्या बहिणीकडे जायची वाट अडवून ठेवली होती, त्याला हे कळायचा हक्क आहे. मग शिंका यायच्या, नाक पुसता पुसता ऑगस्ट संपायचा.

तर, यंदा. इराने कपाटातून लॅपटॉप आणला. चार्जर सापडायला अर्धा तास. मी चहा ठेवत होतो, ती टेबलापाशी बसून पोतडी चाळत होती आणि हसत होती. "बाबा, हू इज ग्लेंडा?" मग तिला राखण सापडली. ती वाचू लागली, मोठ्याने, आणि मला हसू आलं, कारण ती चिन्हांसकट वाचत होती. लहानपणी रोज सकाळी कानावर पडलेलं कुठेतरी राहतं.

मग ती थांबली. "बाबा, साउंडची लाइन कॉमेंट आउट केलीये. आणि त्याच्या खाली काहीतरी मराठी आहे, अँड अ होल बंच ऑफ डॉट्स. इज इट अ बग?"

चहा उतू गेला. मी तसाच गेलो.

चौदावी ओळ होती, तिच्यापुढे माझी जाळी होती. आणि त्या ओळीच्या बरोबर खाली, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत, मोजून दिल्यासारखी टिंबं होती. टिंबांच्या ओळीच्या आधी आणखी एक जाळी, यंत्राने अडखळू नये म्हणून. शिकवलेलं विसरले नव्हते. आणि पुढे लिहिलं होतं:

"शकूचा हात दिसतो. असू द्या. आप्पा."

फाइल शेवटची कधी बदलली ते लॅपटॉप सांगतो. मी जाळी टाकल्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी सव्वासहाला. म्हणजे टॉवेल खांद्यावर टाकून मला "वाजली का" विचारण्यापूर्वी. पहिल्यांदा विचारण्यापूर्वी!

"बाबा? आर यू ओके?"

"शिंक आली," मी म्हटलं.

घड्याळात पाच वाजले होते. सांगलीत साडेबारा. मी फोन लावला. आप्पांनी उचलला. मागे भांड्यांचा आवाज, शकूआत्यांचं काहीतरी पुटपुटणं.

"आप्पा, आज राखण उघडली."

"कसली राखण?"

"वाटीवाली. चौदावी ओळ."

तिकडे खुर्ची सरकल्याचा आवाज. मग आप्पांनी आवाज खाली आणला. "एवढी वर्षं लागली तुम्हाला? मी म्हणत होतो ना, लिहिणाऱ्याला आपलं लिहिलेलं दिसत नाही."

"तुम्हाला माहीत होतं, तर रोज सकाळी विचारत का होता?"

"तुम्ही रोज उत्तर तयार ठेवून बसायचात. मी विचारलं नसतं तर तुम्हाला लगेच कळलं असतं, मला कळलंय ते. मग तुम्ही ती ओळ चालू केली असती. आणि मग मी गेलो असतो हो. मला राहवलं नसतं. तिला नको होतं ते."

मी फडकं घेऊन उतू गेलेला चहा पुसायला लागलो.

"दादा, कोण आहे? इराला काय झालं?" शकूआत्या मागून. फोन हिसकावल्याचा आवाज. "जावईबापू? सगळं बरं ना? थांबा हं जरा." चपलांची फटफट, त्या फोन घेऊन दुसऱ्या खोलीत गेल्या असाव्यात. मग कुजबुज, "ते त्या वेळचं... त्याला बोलला नाहीत ना कधी? मी सांगितलं होतं, ते? फार मनाला लावून घेईल तो."

"नाही आत्या," मी म्हटलं. आयुष्यातलं सर्वांत सहज "नाही" होतं ते. "त्यांना काही पत्ता नाही."

तेवढ्यात त्यांच्या पलीकडून, स्वयंपाकघराच्या बाजूने, स्पष्ट ऐकू आलं. स्टीलच्या वाटीवर चमचा. टण, टण, टण.

"आले रे, आले!" शकूआत्या ओरडल्या. "बघा, एक मिनिट दम नाही याला. अरे वाढते ना, वाटी काय बडवतोस!"